मिरजेचा तानपुरा: घ्यावा का, कसा पारखावा आणि घेतल्यावर काय करावं

गाणाऱ्याने स्वतःचा तानपुरा घ्यावा का, याचं उत्तर आधीच देऊन टाकलेलं बरं. रोज तासभर तरी रियाजाला बसणार असाल आणि तो स्वतःच्या हाताने सुरात लावायला शिकायची तयारी असेल, तर मिरजेच्या तानपुऱ्यासारखी खरेदी नाही. लावायला शिकायचंच नसेल तर घेऊ नका. गवसणी घालून कोपऱ्यात उभा केलेला तानपुरा नुसता पडून बिघडतो, आणि चांगलं वाद्य असं वाया गेलेलं बघवत नाही.

कलाकार असणं म्हणजे काय, यावर मोठमोठं बोललं जातं. गाणाऱ्यापुरतं बोलायचं तर त्याची सुरुवात अगदी ठोस आहे. माझा सा कुठला हे मी ठरवायचं, आणि तो लागला की नाही हे माझ्या कानाने ठरवायचं. त्यात दुसऱ्या कुणाची सही चालत नाही. तानपुरा हे दोन्ही निर्णय रोज मागतो, गायला सुरुवात करण्याच्या आधीच मागतो. म्हणून या वाद्याची पारख करताना लाकूड आणि भोपळ्याइतकंच लावण्याबद्दलही लिहावं लागतं.

मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले कारागीर तंतुवाद्यांकडे वळले, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, आणि पुढे या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. ते स्वतः जवारी काढण्यात, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची पाठ घासून आवाज जुळवण्यात, आणि वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. गाणारे आणि वाद्य करणारे एकाच गावात इतकी वर्षं राहिले, की तक्रार घेऊन गवई थेट कारागिरासमोर जाऊन बसायचा. मिरजेचं कसब त्यातून तयार झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी मानांकन पाहून डोळे झाकून घ्यावं असं हे वाद्य नाही. सतारमेकर गल्लीत एकाच दुकानात दोन तानपुरे शेजारी उभे असतात, हात तोच, लाकूड तेच, आणि एक बोलतो तर दुसरा मुका असतो. भोपळा शेतात पिकतो; दोन भोपळे सारखे निघत नाहीत.

दुकानात जाण्याआधी घरी उरकायचं काम म्हणजे आपली पट्टी, म्हणजे आपला सा किती उंचीवर धरायचा ते ठरवणं. खाली मंद्र पंचम हवा न सुटता भरीव लागला पाहिजे आणि वर तार सप्तकातला गंधार, जमल्यास मध्यम, गळा न आवळता लागला पाहिजे. हे ज्या पट्टीत होतं ती आपली. सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी अशा दोन्ही वेळा तपासा, कारण सकाळी आवाज जड असतो आणि खालचे स्वर उगाच सोपे वाटतात. पुरुषांची पट्टी बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या दरम्यान येते, स्त्रियांची पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान. (पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी ती पांढरी एक, पहिली काळी ती काळी एक, याच क्रमाने पुढे.) क्लासमध्ये सगळ्यांना मिळून सोयीची म्हणून ठरलेली पट्टी, गुरूंची पट्टी, पेटीवाल्याच्या बोटांना सोपी जाणारी पट्टी, यांतली कुठलीही आपली असेलच असं नाही. वर्षानुवर्षं उसन्या पट्टीत गाणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांना मंद्र सप्तक सापडतच नाही, आणि दोष मात्र ते आवाजाला देतात.

तानपुरा पट्टी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेला असतो, म्हणून हा आग्रह. त्याला चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन सा च्या, म्हणजे जोड, आणि शेवटची खालच्या सा ची, म्हणजे खर्ज. तारेचा स्वर दुप्पट उंच नेला की ताण चौपट होतो. काळी एकसाठी घातलेली तार तशीच काळी चारला चढवली तर ताण सव्वादोन पट होतो. चार तारांचा मिळून हा वाढलेला भार घोडीवाटे तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी पाटीवर येतो. तबली दबते, दांडी पुढे झुकते, आणि हे नुकसान सहज भरून येत नाही. उलट स्त्रियांच्या पट्टीचा तानपुरा काळी एकला उतरवला की तारा सैल पडतात, खर्ज नुसता फडफडतो. पुरुषी तानपुरा पाच फुटांच्या आसपास, बायकी चार फुटांच्या आसपास. भोपळ्याचा घेर इंचात सांगतात. पुरुषी तानपुऱ्याला तो साधारण पन्नाशीच्या आगेमागे असतो, बायकीला चाळीस-पंचेचाळीस. पांढरी चारच्या आसपास गाणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण ही पट्टी दोन्ही मापांच्या मध्ये पडते. अशांनी तयार वाद्य उचलू नये. मधल्या मापाचं सांगून करून घ्यावं आणि थांबावं.

तारांचंही तसंच. पुरुषी तानपुऱ्यात जोडाला २९ किंवा ३० नंबरची पोलादी तार आणि खर्जाला २२ ते २४ नंबरची पितळी, तर बायकीत जोडाला ३२-३३ आणि खर्जाला २५-२६, असं ढोबळ माप आहे. नंबर वाढतो तशी तार बारीक होते, हे नवख्यांना उलटं वाटतं. पंचमाची तार जोडाहून जाड लागते. पुरुषी तानपुऱ्यात ती पोलादीऐवजी ब्राँझचीही घालतात आणि तिचा आवाज जास्त गोल येतो. एकच तार वारंवार एकाच ठिकाणी तुटत असेल तर तारेला दोष देण्याआधी वरच्या अटीची, म्हणजे खुंट्यांजवळ तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची, खाच बोटाने तपासा. खाचेला धार असते.

आता दुकानातली पारख. नक्षी शेवटी बघा. वेलबुट्टी, पांढऱ्या पट्ट्या, कोरलेली पानं यांचा स्वराशी काहीही संबंध नाही, आणि किमतीत मात्र त्यांचा वाटा मोठा असतो. पैसे मोजायचेच तर ते जुन्या वाळलेल्या भोपळ्याला आणि लाकडाला मोजावेत. मोठे भोपळे भीमेकाठी पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. वेलीवरून काढल्यावर वाळवायचे, भिजवायचे, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, पुन्हा वाळवायचे. भोपळा किती वर्षं वाळलेला आहे हे स्पष्ट विचारा. कच्चा भोपळा पावसाळ्यात ओल धरतो, गळ्याशी सांधा हलतो आणि वाद्य कधीच एका जागी सुरात राहत नाही. कीड लागू नये म्हणून आतून औषध लावलंय का, हेही विचारा. भोपळ्यावर नखाने हलके ठकठक करत सगळीकडून फिरा. आवाज सारखा आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी एकदम बद्द आला तर तिथे भेग बुजवलेली असू शकते.

दांडी आणि तबलीला बहुधा तुणीचं लाकूड वापरतात. हलकं, सरळ रेषेचं, पोकळ दांडीत छान गुंजतं. भोपळ्याच्या टोकाकडून एक डोळा मिटून दांडीवर नजर टाका. तारा पूर्ण ताणलेल्या असताना दांडी सरळ दिसली पाहिजे. सैल तारांवर सरळ दिसण्याला काही अर्थ नाही. तबलीला हलका फुगवटा असतो. घोडीच्या पुढे-मागे बोट फिरवून पाहा. घोडीखाली खड्डा लागला तर वाद्य कितीही सुंदर असो, ठेवून द्या. खुंट्या चारही फिरवून बघा. एका दमात गुळगुळीत फिरली पाहिजे आणि सोडली तिथे थांबली पाहिजे. टक् टक् करत तुटक फिरणारी खुंटी म्हणजे भोक गोल नाही. ते पुन्हा घासून बसवून द्यायला सांगा. दुकानात हे काम थोड्या वेळाचं असतं, घरी आल्यावर तेच रोजचं डोकेदुखीचं कारण होतं.

मग तो आपल्या पट्टीत लावून घ्या आणि शेजारी बसून गा. गाण्यासाठीच घेताय, तेव्हा नुसता छेडून ठरवू नका. मंद्रात उतरताना आवाजाला आधार मिळतो का, सा लावल्यावर आपला आवाज तानपुऱ्यात मिसळून क्षणभर वेगळा ऐकू येईनासा होतो का, एवढं बघा. नंतर दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगून आठ-दहा फुटांवर उभं राहा. जवळून गोड वाटणारे काही तानपुरे लांबून पातळ पडतात.

सगळ्यात जास्त वेळ जवारीवर घालवा, कारण मिरजेला जायचं ते याच्यासाठी. घोडीची पाठ सपाट दिसते, पण ती अगदी मंद उताराची असते. तार छेडली की ती त्या उताराला पुन्हा पुन्हा हलकेच शिवते, आणि या शिवण्यातून वरचे सगळे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे बारीक स्वर, जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याची नोंद केली होती: तार ज्या बिंदूवर छेडल्यावर एखादा उपस्वर उमटायलाच नको, तिथे छेडूनही तो तानपुऱ्यात ऐकू येतो. कारागिराच्या कानशीला हे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. उतार कमी-जास्त झाला की सगळं बिघडतं. उतार फार असेल तर तार घोडीला शिवतच नाही आणि आवाज मुका, आखूड येतो. फार सपाट असेल तर तार घोडीवर आपटते, नुसता पत्र्यासारखा झणझणाट होतो. चारही तारांची जवारी एकाच जातीची हवी. जोडाची खुली आणि खर्जाची बंद असा प्रकार पुष्कळदा आढळतो. मग खर्ज छेडल्यावर मध्येच भोक पडल्यासारखं वाटतं.

हे जुळवायला कारागीर तार बाजूला घेतो, कानशीचे दोन-चार हात मारतो, बारीक पॉलिशपेपर फिरवतो, भुकटी फुंकतो, तार जागी घेतो, छेडतो, मान हलवतो, पुन्हा बाजूला घेतो. असं कितीतरी वेळा होतं. घाई करू नका आणि ‘झालं का’ विचारू नका. खुली, म्हणजे झळाळती हवी, की गोल, म्हणजे मऊ, एवढं मात्र सुरुवातीलाच सांगा. मोठ्या, मोकळ्या आवाजाला गोल जवारी शोभते. बारीक किंवा थोड्या दबलेल्या आवाजाला खुली जवारी उचलून धरते. ही आवड ज्याची त्याची आहे आणि ती कारागिराने ठरवायची गोष्ट नाही. घोडी कशाची आहे तेही विचारून घ्या. उंटाच्या हाडाची घोडी जवारी जास्त दिवस धरते, लाकडी घोडीचा आवाज मऊ असतो पण खाचा लवकर पडतात.

शेवटचा बारकावा सुताचा. तार आणि घोडी यांच्यामध्ये साध्या सुती दोऱ्याचा एक पदर जातो. तो घोडीच्या पाठीवर केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका ठिकाणी मुकी तार एकदम उघडते. अगदी स्पष्ट कळतं, शंका राहत नाही. तिथून थोडं पुढे गेलं की पुन्हा मिटते. दोरा पिळाचा जाड घेतला तर ही जागा सापडत नाही, म्हणून पीळ उकलून पातळ पदर घ्यावा. महिन्या-दोन महिन्यांत तो तारेखाली कापला जातो. तेव्हा तानपुरा बिघडला असं समजून कारागिराला फोन करण्याआधी दोरा बदलून पाहावा.

लावण्याचा क्रम असा: आधी जोडाची एक तार आपल्या सा वर. मग जोडाची दुसरी तिच्याशी. काळी एकला ही तार सेकंदाला सुमारे १३९ वेळा थरथरते. दुसरी १३८ वर असेल तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. तार चढवत जाल तसा हेलकावा लांबत जातो आणि मग नाहीसा होतो. पुढे गेलात तर परत सुरू होतो. खुंटीने हेलकावा मंद होईपर्यंतच जायचं, उरलेलं काम घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेल्या मण्याने. मणी घोडीपासून लांब, लंगोटाकडे (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिकडे) सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. मणी आधीच टोकाला जाऊन बसला असेल तर बारीक फरक करायला जागा उरत नाही, म्हणून सुरुवात करताना चारही मणी मध्यावर आणून ठेवावेत. जोडानंतर खर्ज, आणि सगळ्यांत शेवटी पंचम.

खर्ज लागल्याची खूण म्हणजे गंधार. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर दोन सप्तकं वरचा गंधार असतो. जवारी मोकळी आणि खर्ज खरा असेल तर तो कुणी न लावता ऐकू येतो. तो पेटीच्या गंधाराशी जुळवू नका. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पेटीचा शुद्ध गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ चौदा भाग चढा असतो. पंचमात फरक जेमतेम दोन भागांचा आहे. मोबाइलवरचा ट्यूनर पेटीचंच माप धरतो. त्यामुळे पट्टीच्या जवळ पोचायला तो ठीक, शेवटचा निर्णय त्याच्यावर सोडायचा नाही. हिरवा दिवा लागला म्हणून तार लागली असं होत नाही. किशोरीताई आमोणकर मैफिलीआधी तानपुरे लावायला किती वेळ घेत हे श्रोत्यांना चांगलं माहीत आहे. त्या वेळात त्या गातच होत्या असं माझं ठाम मत आहे. नवख्याला सुरुवातीला अर्धा तास लागेल, पुढे दहा मिनिटं. हा वेळ रियाजातून वजा करायचा नसतो.

पंचम वर्ज्य असलेल्या रागांसाठी पहिली तार बदलावी लागते. मालकंसाला मध्यम, मारवा-पुरियाला निषाद. मध्यमावर उतरवणं सोपं. निषादावर चढवताना ताण दीडपटीहून जास्त होतो आणि जुनी तार हमखास तुटते, म्हणून आधी एक स्वर चढवून थांबा, जोड आणि खर्ज पुन्हा तपासा, मग पुढे जा. एका तारेचा ताण वाढला की तबली हलते आणि बाकीच्या तिन्ही किंचित उतरतात. जे नेहमी असे राग गातात त्यांनी पहिली तार एका नंबराने बारीक ठेवावी.

छेडण्याबद्दल थोडंच. पंचमाला मधलं बोट, बाकी तिन्हींना तर्जनी, बोटाच्या मांसल भागाने, दांडीच्या मध्यावर. घोडीजवळ छेडलं की आवाज कडक येतो. तालाशी मेळ घालू नये. चार तारांची फेरी सारखी आणि संथ ठेवावी, खर्जानंतर हलका श्वास घेऊन पुन्हा पंचमावर यावं.

महाराष्ट्राच्या हवेत दोन ऋतू त्रासाचे. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. जोर लावून फिरवली तर खुंटी मोडते किंवा भोकाशी दांडी तडकते. खुंटी थोडी बाहेर ओढून मग फिरवावी. एप्रिल-मेमध्ये उलट, त्या आकसतात आणि घसरतात. तेव्हा खुंटीला साधा खडू घासून आत दाबत फिरवावी. तेल चुकूनही लावू नये. परदेशात राहणाऱ्यांना याहून जास्त जपावं लागतं, कारण हिवाळ्यात घर तापवणाऱ्या यंत्रणेने हवा इतकी कोरडी होते की तबलीला बारीक भेगा पडतात. तानपुरा हीटरपासून लांब ठेवावा आणि खोलीत ओलावा राखावा. प्रवासात तारा दोन-तीन स्वर उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत, नाहीतर घोडी जागची हलते आणि मेहनतीने काढलेली जवारी परत बसवावी लागते. विमानासाठी कापडी गवसणी पुरत नाही, फायबरची पेटीच हवी.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाइलवरचं अॅप यांच्याशी तुलना होणारच. प्रवासात, पहाटे शेजारी झोपलेले असताना, वर्गात वीस मुलं असताना त्यांच्याशिवाय भागत नाही, आणि आवाज स्थिर असल्यामुळे अगदी नवशिक्याला ते उपयोगीच आहेत. पण फोनचा छोटा स्पीकर काळी एकचा खर्ज देऊच शकत नाही. तो सेकंदाला ६९ थरथरींचा स्वर आहे; तुम्हाला फक्त त्याचे उपस्वर ऐकू येतात. वापरायचंच तर बऱ्यापैकी स्पीकर जोडावा. दुसरी उणीव जास्त खोल आहे. यंत्र सुरात आहे हे कारखान्यात ठरलेलं असतं. ते रोज ऐकून कान शांत होतो, पण बेसूर ते सुरेल हा प्रवास कानाला कधी करावाच लागत नाही, आणि मंचावर साथीचा तानपुरा किंचित उतरला तर ते कळणारा कान तयार होत नाही. चपट्या पेटीची तानपुरी हा मधला मार्ग आहे. भोपळा फुटण्याची भीती नाही, तारा आणि जवारी खऱ्या आहेत, लावण्याचा सराव पूर्ण होतो. खर्जाची गाज मात्र भोपळ्याची येत नाही. लहान घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी तीच घ्यायला सांगेन.

नव्या तानपुऱ्याच्या तारा दोन-तीन दिवस उतरत राहतात; तोवर त्याच्याबद्दल मत बनवू नका. पहिल्या वर्षात घोडीवर तारांच्या खाचा पडून जवारी बिघडते, तेव्हा ती पुन्हा काढून घ्यावी लागते. ही दुरुस्ती खरेदीचाच भाग आहे, म्हणून ती कोण करणार, त्याचे पैसे वेगळे का, वाद्य मिरजेला न्यायचं की कारागीर तुमच्या गावी येतो, हे पैसे देण्याआधी बोलून घ्या. मिरजेचे काही कारागीर दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईकडे फेरी करतात. घोडी काढून एकटी पाठवू नका. जवारी त्या तबलीवर, त्याच तारांखाली काढायची असते. सुटी घोडी घासून आली तर ती वाद्यावर बसल्यावर वेगळंच बोलते.

निघताना सुती दोऱ्याचं एक रीळ, चारही तारांचे दोन-दोन जादा संच आणि चार सुटे मणी घ्या. तारांचे नंबर कारागिराकडून कागदावर लिहून घ्या आणि कागद गवसणीच्या खिशात ठेवा, कारण शहरातल्या दुकानात ‘तानपुऱ्याची तार द्या’ म्हटलं की हाताला लागेल ती मिळते.